उच्चक्षमता ब्रेक पॅड
उच्चक्षमता ब्रेक पॅड हे मोटारीच्या डिस्क ब्रेकमधील, अधिक तापमानातही घर्षण टिकवून धरणारे पॅड होत. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे नागपुरातील नंदनवनसारख्या वस्तीत ताशी ३० किमी वेगाने जाणाऱ्या मोटारीच्या तुलनेत, नागपूरहून सुरू होणाऱ्या समृद्धी महामार्गावर ताशी १२० किमी वेगाने धावणारी तीच मोटार थांबवताना ब्रेकना सोळापट ऊर्जा शोषावी लागते. शर्यतीचे पॅड मात्र तापल्यावरच पूर्ण पकड देतात. थंड असताना शहरात थांबण्याचे अंतर वाढू शकते आणि डिस्कही लवकर झिजते. म्हणून रोजच्या वापरासाठी थंड अवस्थेतही पुरेशी पकड देणारे सिरॅमिक किंवा सेमी-मेटॅलिक पॅड योग्य ठरतात.