लवकर आडवं झालं म्हणून झोप लवकर लागत नाही

मारुंजीत रात्री अकरा वाजता नजर टाकली तर निम्म्या इमारतींचे दिवे चालूच असतात. हिंजवडीच्या आयटी पार्कला खेटून असलेल्या या गावात एकाच मजल्यावर दोन वेगळी घड्याळं चालतात. एका दाराआड अमेरिकेच्या वेळेला बांधलेला इंजिनिअर असतो. कॅलिफोर्नियातल्या क्लायंटने स्वतःच्या सकाळी नऊची मीटिंग लावली, की इथे हिवाळ्यात रात्रीचे साडेदहा झालेले असतात. शेजारच्या दाराआड चाकणला फर्स्ट शिफ्ट करणारा कुणीतरी असतो, त्याला पहाटेच कंपनीची बस गाठायची असते. दोघांची तक्रार मात्र एकच. दिवसभर राबूनही अंथरुणाला पाठ टेकली की डोळे टक्क उघडे.

दोघांना मिळणारा सल्लाही एकच. तो सोसायटीच्या ग्रुपवर मिळतो, कॅन्टीनमध्ये मिळतो आणि गावाहून आईचा फोन आला की हमखास मिळतो. "लवकर आडवा होत जा. डोळे मिटून गप पडून राहा. येते झोप."

नाही येत. आणि रोज असं पडून राहिलं, तर पुढे येणारीही यायची बंद होते.

हा गैरसमज इतका चिवट का, ते समजण्यासारखं आहे. उद्या पाचला उठायचंय, मग आज नऊला पडू, हा हिशेब कागदावर बिनचूक दिसतो. शरीर मात्र दोन गोष्टी बघतं. पहिली, जागेपणी मेंदूत साठत जाणारा झोपेचा दाब. अडेनोसिन नावाचा पदार्थ त्यातला मोठा वाटेकरी. जितके तास जागे, तितका दाब जास्त. दुसरी, मेंदूतलं चोवीस तासांचं घड्याळ. संध्याकाळी दाब बराच वाढलेला असतो, तरी माणूस पेंगत नाही, कारण नेमक्या त्याच वेळी हे घड्याळ जागेपणाचा जोर वाढवतं. इस्रायलचे संशोधक पेरेत्झ लाव्ही यांनी १९८६ साली हे मोजून दाखवलं. त्यांच्या प्रयोगात लोकांना दर वीस मिनिटांतली सात मिनिटं झोपायला दिली जायची आणि तेरा मिनिटं जागं ठेवलं जायचं. दिवस-रात्र हा क्रम चालला तेव्हा दिसलं, की नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास झोप जवळपास लागतच नाही. लाव्हींनी या पट्ट्याला झोपेचं निषिद्ध क्षेत्रच म्हटलं.

म्हणजे रोज साडेअकराला झोपणारा माणूस एके दिवशी शहाणपणा करून नऊला पडला, तर तो दिवसातल्या सर्वांत जाग्या वेळेत डोळे मिटून पडलेला असतो. मग कूस बदलणं सुरू होतं. मोबाइल उचलून किती वाजले ते बघणं, आणि "आता लागली तरी पाचच तास मिळतील" ही वजाबाकी. त्या वजाबाकीने छाती धडधडते आणि उरलीसुरली पेंगही उडते. झोप ही जोर लावून आणायची गोष्ट नाही. जितका प्रयत्न, तितका जागेपणा.

असं आठवडेच्या आठवडे चाललं की दुसरं दुखणं जडतं. पलंग दिसला की शरीर जागं व्हायला शिकतं. दिवाणावर टीव्ही बघता बघता घोरणारा माणूस उठून बेडरूममध्ये गेला की टक्क जागा होतो, हे घरोघरी दिसतं. मारुंजी-हिंजवडीच्या थ्री-शेअरिंग पीजीत तर पलंग हेच टेबल, जेवायची जागा, ऑफिस आणि थिएटर असतं. जिथे दिवसभर कामाचे मेसेज येतात, तिथेच रात्री मेंदूने मुकाट्याने बंद पडावं, ही अपेक्षा.

यावरचा उपाय जुना आहे, गोळीशिवायचा आहे आणि आईच्या सल्ल्याच्या बरोबर उलटा आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी तो १९७२ साली मांडला. नियम मोजके आहेत. पेंग आल्याशिवाय अंथरुणात जायचं नाही. थकवा वेगळा आणि पेंग वेगळी. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून घरी पोचलेला माणूस थकलेला असतो, पण पेंग म्हणजे पापण्या जड होणं, तीच ओळ पुन्हा वाचली जाणं. पलंग फक्त झोपेसाठी आणि शरीरसंबंधासाठी. साधारण वीस मिनिटांत झोप लागली नाही, तर उठायचं. ही वीस मिनिटं अंदाजाने, घड्याळात बघून नव्हे. उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करायचं आणि पेंग आली की परत यायचं. रात्रीतून चारदा उठावं लागलं तर चारदा. दिवसा डुलकी नाही. आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ ठरलेली.

दुसरी खोलीच नसेल तर? मग खुर्ची, गॅलरी किंवा खाली अंथरलेली चटई. जागा कोणतीही चालेल, पलंगावरून उठणं महत्त्वाचं.

दुसरा उपाय ऐकून तर लोक चिडतातच. आर्थर स्पीलमन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये तो प्रसिद्ध केला. झोप येत नाही म्हणणाऱ्याला त्यांनी अंथरुणातला वेळ कमी करायला सांगितला. समजा एखादा टेस्टिंगवाला साडेदहाला आडवा होतो, साडेबारापर्यंत तळमळतो आणि साडेसहाला उठतो. अंथरुणात आठ तास, झोप सहा तास, म्हणजे ७५ टक्के. त्याने काही दिवस साडेबारालाच अंथरुणात जायचं आणि साडेसहालाच उठायचं. अंथरुणातला ८५ टक्क्यांहून जास्त वेळ झोपेत जायला लागला, की झोपायची वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणायची. अंथरुणातला एकूण वेळ पाच तासांच्या खाली नेत नाहीत. पहिला आठवडा वाईट जातो, हेही आधीच सांगितलेलं बरं. दिवसा पेंग येते, म्हणून प्रेस मशीनवर काम करणाऱ्याने किंवा तळेगाव-चाकण रस्त्यावर बाइक हाकणाऱ्याने हा प्रयोग मनाने करू नये. फिट्स येणाऱ्यांनी आणि बायपोलर आजार असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही.

हे कुणा बाबाचं तंत्र आहे का, अशी शंका येणाऱ्यांसाठी: अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत जुनाट निद्रानाशासाठी पहिला उपचार म्हणून गोळी सांगितलेली नाही. निद्रानाशासाठीची वर्तन-उपचारपद्धती सांगितली आहे आणि हे दोन्ही उपाय तिचा कणा आहेत. अमेरिकेच्याच निद्रावैद्यक अकादमीने २०२१ मध्ये आणखी एक गोष्ट म्हटली, जी 'शांत झोपेच्या दहा टिप्स' फॉरवर्ड करणाऱ्यांनी वाचावी. खोलीत अंधार ठेवा, कॉफी टाळा अशा सवयींचा नुसता उपदेश हा एकटा उपचार म्हणून देऊ नये. सवयी वाईट नाहीत, पण जुनाट निद्रानाश तेवढ्याने हटत नाही.

"हे रिकामटेकड्यांना जमेल, आमचा कॉल साडेअकराला संपतो," हा पुढचा आक्षेप. पण झोपायची वेळ क्लायंटच्या हातात असली, तरी उठायची वेळ बहुतेकांच्या स्वतःच्या हातात असते, आणि घड्याळाचा खुंटा तीच आहे. सकाळचा उजेड डोळ्यांवर रोज त्याच वेळी पडला, की रात्रीची पेंगही हळूहळू त्याच वेळी येऊ लागते. आठवडाभर सातला उठायचं आणि शनिवार-रविवारी 'भरपाई' म्हणून अकरापर्यंत लोळायचं, याने हा खुंटा उखडतो. दुपारी चारला भरपेट जेवलेल्याला आठच्या पंगतीत भूक नसते, तसं रविवारी अकराला उठलेल्याला रात्री अकराला झोप नसते. म्युनिकचे संशोधक टिल रोनेबर्ग यांनी अशा फरकाला सामाजिक जेटलॅग म्हटलं आहे. विमानात न बसता दर सोमवारी चार देश ओलांडून आल्यासारखी अवस्था. सुटीच्या दिवशी तासभर उशीर ठीक, चार तास नाही.

कॉल संपल्या संपल्या लॅपटॉप मिटून थेट पांघरुणात शिरणंही फसतं. डोकं अजून स्प्रिंट बोर्डावर असतं. "विचार बंद कर" हा सल्ला इथे निरुपयोगी, कारण विचार आज्ञेने बंद होत नाहीत. ते कागदावर मात्र उतरतात. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन यांनी ५७ तरुणांवर केलेला प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपण्याआधी पाच मिनिटं निम्म्यांनी पुढच्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिली, निम्म्यांनी झालेल्या कामांची. उद्याची यादी लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी बारकाईची तितकी झोप लवकर. प्रयोग छोटा आहे, चमत्कार नाही. पण खर्च एका पानाचा आहे.

फिरत्या शिफ्टवाल्यांना 'रोज एकाच वेळी उठा' सांगणं ही थट्टा होईल. दर आठवड्याला फर्स्ट, सेकंड, थर्ड बदलणाऱ्या माणसाचा दोष त्याच्या सवयींत कमी आणि रोस्टरमध्ये जास्त असतो. चार्ल्स झाइस्लर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या युटा राज्यातल्या एका खनिज कारखान्यात केलेला अभ्यास १९८२ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा पुढच्या दिशेने आणि आठवड्याऐवजी २१ दिवसांनी बदलल्यावर कामगारांचं समाधान, तब्येत आणि उत्पादन, तिन्ही सुधारलं. हा कागद युनियनच्या बैठकीत जास्त कामाचा. तोवर थर्ड शिफ्टला जाण्याआधी काढलेली झोप हा डुलकीबंदीला रास्त अपवाद आहे, आणि सकाळी घरी आल्यावर खिडकीला जाड पडदा.

बाकीचे गैरसमज झटपट.

"डोकं टेकताच झोपतो, म्हणजे तब्येत ठणठणीत." दहा ते वीस मिनिटं लागणं नॉर्मल आहे. रोज पाच मिनिटांच्या आत लागत असेल तर झोपेची उधारी साठल्याची शंका घ्यावी.

"मला पाच तास पुरतात." २००३ साली व्हॅन डॉन्गेन यांच्या प्रयोगात दोन आठवडे रोज सहा किंवा चारच तास झोपलेल्यांची लक्ष देण्याची क्षमता सतत घसरत गेली, आणि आपण किती घसरलो हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

"कॉफीने मला काही होत नाही." झोपण्याआधी सहा तास घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिनने झोप एका तासाहून जास्त घटली (ड्रेक, २०१३). टपरीवरच्या एका कटिंगमध्ये एवढं नसतं, पण ऑफिसच्या मशीनची चौथी-पाचवी कॉफी धरली तर हिशेब त्या दिशेने सरकतो.

"एक पेग घेतला की मस्त झोप." लागते लवकर, पण उत्तररात्री मोडते.

"सगळा दोष निळ्या प्रकाशाचा." २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डच्या प्रयोगात रोज चार तास उजळ टॅब्लेटवर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप लागायला सुमारे दहाच मिनिटं जास्त लागली. पिवळा चष्मा घालून मॅनेजरचा मेल वाचला, तरी मेल मॅनेजरचाच राहतो.

"गार पाण्याने अंघोळ." उलट, झोपण्याआधी एक-दोन तास कोमट-गरम पाण्याने. हातापायांतून उष्णता बाहेर पडते, शरीराच्या गाभ्याचं तापमान उतरतं आणि ते झोपेला मानवतं.

"जायफळाचं दूध." चिमूटभर असेल तर खुशाल. जास्त जायफळाने मात्र छातीत धडधड आणि भ्रम होतो.

"सैनिकांची दोन मिनिटांत झोपायची युक्ती." ती बड विंटर या धावण्याच्या प्रशिक्षकाच्या १९८१ च्या पुस्तकातून आली आहे, आणि त्यातही सहा आठवड्यांचा सराव सांगितला आहे.

"शवासनाने निद्रानाश जातो, केईएममध्ये सिद्ध झालंय." मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. के. के. दाते यांचा १९६९ चा गाजलेला अभ्यास रक्तदाबावर होता. शवासनाने शरीर सैलावतं, ते जरूर करावं, पण दात्यांच्या नावावर न केलेला दावा खपवू नये.

आणि "मेडिकलवाला ओळखीचा आहे, एक पट्टी देतो." अल्प्राझोलाम आणि झोल्पिडेम ही औषधं शेड्यूल एच-१ मध्ये येतात. चिठ्ठीशिवाय ती विकणं बेकायदा आहे आणि प्रत्येक विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते. जे आधीपासून रोज घेत आहेत त्यांनी हा लेख वाचून एका रात्रीत बंद करू नये. डोस टप्प्याटप्प्याने डॉक्टरच उतरवतात.

आठवड्यातून तीन रात्री, तीन महिने झोप लागत नसेल, घोरताना श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, किंवा संध्याकाळी पाय स्वस्थ बसू देत नसतील, तर घरगुती प्रयोगांत वेळ घालवू नये. डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची नोंद सोबत न्यावी. कधी आडवं झालो, अंदाजे कधी झोप लागली, कधी उठलो, चहा-कॉफी किती आणि केव्हा, शिफ्ट कोणती. ही नोंद सकाळी उठल्यावर अंदाजानेच करायची, कारण रात्री अचूक मिनिटं टिपायची म्हटली की पुन्हा घड्याळ बघणं आलं.