सोडलेल्या जागेचा हिशेब

सकाळी आठच्या सुमाराला डोंबिवलीहून फास्ट लोकलच्या महिला डब्यात चढलं, की कानावर पहिला प्रश्न पडतो तो ‘कुठे उतरणार?’ बसलेली म्हणते, ‘ठाणे.’ विचारणारी तिच्यासमोर पाय रोवून उभी राहते आणि ती सीट तिची ठरते. पाठोपाठ आणखी कुणी विचारलं, तर उत्तर मिळतं, ‘सांगितलीय.’ या व्यवहाराची कुठेही लेखी नोंद नाही, तरी तो रोज चालतो. कारण दोन नियम सगळ्या जणी पाळतात. एका सीटवर एकीचाच दावा, आणि बसलेली उठल्याशिवाय दुसरीने बसायचं नाही.

तुमच्या पर्समधल्या किंवा खिशातल्या फोनमध्येही हाच व्यवहार अखंड चाललेला असतो. तिथल्या सीटा म्हणजे मेमरीची पानं. बसणारी असतात अ‍ॅप्स, आणि कोण कुठे बसलंय याची वही सांभाळतो ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल. अँड्रॉइड फोनमध्ये हे काम लिनक्स कर्नल करतो. त्याच्याकडून पान देण्यात सहसा चूक होत नाही. चुका होतात त्या दिलेलं पान परत घेताना, आणि गेल्या काही वर्षांतल्या गंभीर सुरक्षा-त्रुटींपैकी कितीतरी त्या एका क्षणात सापडल्या आहेत.

पान म्हणजे मेमरीचा ठरावीक मापाचा तुकडा. बहुतेक यंत्रांवर तो ४०९६ बाइटांचा असतो. काही नव्या यंत्रांवर तो त्याच्या चौपट, १६ किलोबाइटांचा असतो. आठ गिगाबाइट मेमरीच्या फोनमध्ये ४०९६ बाइटांची २० लाख ९७ हजार १५२ पानं होतात. लिनक्स यांतल्या प्रत्येक पानासाठी साधारण ६४ बाइटांची एक नोंद ठेवतो. म्हणजे नुसत्या वहीलाच १२८ मेगाबाइट लागतात. ही वही किती मोठी, ते कळायला मुंबईतलंच एक उदाहरण घेऊ. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली ‘टिफ्रॅक’ हा संगणक बांधला गेला आणि १९६० मध्ये तो कामाला लागला. त्याची मुख्य मेमरी होती ४० बिटांच्या २०४८ शब्दांची, म्हणजे १०,२४० बाइटांची. आजच्या हिशेबाने अख्ख्या टिफ्रॅकची मेमरी अडीच पानांत मावते. तिथे वाटणीचा प्रश्नच फारसा नव्हता. एका वेळी एक प्रोग्रॅम, आणि सगळी जागा त्याची.

मेमरीची पानं पाडण्याची कल्पना त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये आकाराला आली. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न आणि सहकाऱ्यांनी बांधलेला ‘अ‍ॅटलस’ १९६२ मध्ये सुरू झाला. त्याची वेगवान मेमरी महाग म्हणून थोडी होती, आणि बाकीचा माल फिरत्या चुंबकी ड्रमवर ठेवलेला असे. अ‍ॅटलसने प्रोग्रॅमला भासवलं, की तुझ्यासाठी एक मोठी, सलग जागा आहे. प्रत्यक्षात पानं गरजेप्रमाणे ड्रमवरून आत यायची आणि बाहेर जायची. आजचा प्रत्येक फोन त्याच युक्तीवर उभा आहे.

ही युक्ती लोकलच्या पाससारखी आहे. महिन्याचा पास काढला, की रोज प्रवासाचा हक्क मिळतो, पण पासावर सीट नंबर नसतो. अ‍ॅपने मेमरी मागितली, की कर्नलही असाच पास देतो. पान खरोखर दिलं जातं ते अ‍ॅप त्या पत्त्याला पहिल्यांदा हात लावतं तेव्हा. त्या क्षणी प्रोसेसर थबकतो, कर्नल एक मोकळं पान शोधतो, त्यातला जुना मजकूर शून्यांनी पुसतो आणि मग ते अ‍ॅपच्या हाती देतो. हे पुसणं टळलं, तर तुमच्या बँकेच्या अ‍ॅपने सोडलेलं पान एखाद्या खेळाच्या अ‍ॅपला जसंच्या तसं वाचता येईल.

सीटांपेक्षा पास जास्त असतात, हे ठाणे-कल्याणच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. कर्नलही तसंच करतो, कारण सगळे पासधारक एकाच गाडीला येत नाहीत. कधी आलेच, तर गर्दी आवाक्याबाहेर जाते. यंत्राचा सगळा वेळ पानं आत-बाहेर करण्यात जातो आणि मूळ काम खोळंबतं. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये या अवस्थेची नेमकी कारणमीमांसा केली. मेमरी अगदीच संपली, तर कर्नल एखादं अ‍ॅप सरळ बंद करून त्याची पानं मोकळी करतो. फोटो काढून परत येईपर्यंत आधीचं अ‍ॅप पहिल्यापासून सुरू झालेलं दिसतं, ते अनेकदा याच कारणाने.

आता अवघड भागाकडे येऊ. पान मोकळं झालं, हे ठरवायचं कसं? लोकलच्या सीटवर एकच प्रवासी असतो, पण मेमरीचं एक पान एकाच वेळी अनेकांच्या वापरात असू शकतं. दहा अ‍ॅप्स एकच भाषा-लायब्ररी वाचत असतील, तर तिची पानं दहा जणांत सामाईक असतात. म्हणून लिनक्स प्रत्येक पानाच्या नोंदीत एक आकडा ठेवतो, तो म्हणजे किती जणांनी हे पान धरलंय. कुणी धरलं की आकडा एकने वाढवायचा, सोडलं की एकने कमी करायचा. शून्य झाला, की पान मोकळं. नियम चौथीतल्या मुलालाही कळेल असा आहे, पण त्यात तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं ठिकाण म्हणजे खुद्द आकडा. तो ३२ बिटांचा आहे. गाडीचं मीटर सगळे नऊ झाल्यावर पुन्हा शून्यावर येतं, तसा हा आकडाही फिरून शून्यावर येऊ शकतो. २०१९ मध्ये लिनक्समध्ये हेच उघड झालं. सुमारे १४० गिगाबाइट मेमरीच्या यंत्रावर एकाच पानावर इतके दावे लावता येत होते, की आकडा उलटावा आणि वापरात असलेलं पान कर्नलला मोकळं वाटावं. ही तजवीज झाली तेव्हा एवढी मेमरी कुणाकडे नव्हती, पुढे ती सर्व्हरमध्ये सर्रास आली. उपाय सोपा होता. आकडा धोक्याच्या रेषेजवळ गेला, तर नवा दावा नाकारायचा.

दुसरं ठिकाण म्हणजे पान धरणारा प्रोसेसर नसून एखादं उपकरण असणं. नेटवर्क कार्ड किंवा डिस्क प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहिते. तिला पत्ता दिला, आणि ती लिहीत असताना कर्नलने ते पान दुसऱ्याला दिलं, तर भलत्याच्याच पानावर अक्षरं उमटतात. म्हणून २०२० मध्ये लिनक्सने साधं धरणं आणि खिळवून ठेवणं असे दोन वेगळे प्रकार केले. साध्या धरण्याने आकडा एकने वाढतो, खिळवण्याने १०२४ ने. त्यामुळे आकडा पाहूनच अंदाज येतो, की या पानावर उपकरणाचं काम चालू असण्याची शक्यता आहे, ते हलवू नये.

तिसरं ठिकाण सर्वांत फसवं आहे. कोणतं पान कुठे आहे याचा तक्ता मेमरीत असतो, पण दर वेळी तो उघडून पाहायला वेळ लागतो. म्हणून प्रत्येक प्रोसेसर अलीकडचे काही पत्ते स्वतःजवळच्या छोट्या टिपणात लिहून ठेवतो. तक्ता बदलला, तरी टिपण आपोआप बदलत नाही. गाडीचा प्लॅटफॉर्म बदलला, इंडिकेटरही बदलला, पण जिन्यावरचा माणूस मघाशी ऐकलेल्याच नंबरकडे धावत असतो, तशी ही गत. म्हणून पान परत घेताना क्रम महत्त्वाचा. आधी तक्त्यातली नोंद काढायची, मग सगळ्या प्रोसेसरांना टिपण खोडायला लावायचं, आणि मगच पान दुसऱ्याला द्यायचं. २०१८ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरो गटातल्या यान हॉर्न यांनी दाखवलं, की लिनक्सच्या एका कामात, तक्ता बदलत असताना इतरांना थांबवणारं कुलूप आधी उघडलं जात होतं आणि टिपणं नंतर खोडली जात होती. मधल्या क्षणभरात जुन्या पत्त्यावरून दुसऱ्याच्या पानापर्यंत पोहोचता येत होतं.

‘कुलूप’ हा शब्द इथे नेमका आहे, आणि त्याचं मूळ आपल्या ओळखीचं आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली आणि १ मे १८५४ रोजी रूळ कल्याणपर्यंत पोहोचले. रेल्वे वाढली तसा जगभर एक नियम पक्का झाला. पुढची गाडी टप्पा सोडत नाही, तोवर मागच्या गाडीला सिग्नल नाही. हात वर-खाली करणाऱ्या त्या सिग्नलला सेमाफोर म्हणत. १९६० च्या दशकात डच शास्त्रज्ञ एडस्गर डाइक्स्ट्रा यांना संगणकातल्या दोन कामांची धडक टाळायची होती. त्यांनी रेल्वेतलाच शब्द उचलला आणि ‘पुढे जाणे’ व ‘मोकळे करणे’ या दोन क्रियाही तिथूनच घेतल्या. आज ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात सेमाफोरवर मजकूर असतो.

एकाचं काम संपेपर्यंत दुसऱ्याने थांबायचं, हा नियम मोडला की काय होतं, ते २०१६ मध्ये जगाने पाहिलं. त्या त्रुटीला ‘डर्टी काऊ’ म्हणतात. एखादी फाइल फक्त वाचण्यासाठी असेल आणि अ‍ॅपला तिच्यात खासगी बदल करायचा असेल, तर कर्नल त्या पानाची प्रत काढून देतो. सातबाऱ्याची झेरॉक्स काढावी, हव्या त्या खुणा झेरॉक्सवर कराव्यात, मूळ कागद दप्तरात तसाच राहावा, असा हा व्यवहार. कर्नल प्रत तयार करायचा. मात्र तिच्यावर लिहिण्याआधीच त्याच अ‍ॅपचा दुसरा धागा (थ्रेड) ‘ही प्रत मला नको’ असं सांगायचा आणि प्रत फेकली जायची. कर्नल पुन्हा प्रयत्न करायचा, पण प्रत काढून झाली आहे अशी त्याची समजूत कायम असायची. मग तो लिहायचा ते थेट मूळ कागदावर. यामुळे सामान्य वापरकर्त्याला यंत्राच्या मालकाच्या फाइली बदलता येत होत्या. ही त्रुटी निदान २००७ पासून कर्नलमध्ये होती. फिल ओस्टर यांनी ती उघड केली. दुरुस्ती करताना लिनस टोर्वाल्ड्स यांनी नोंदवलं, की अकरा वर्षांपूर्वी आपण ती बुजवायचा प्रयत्न केला होता, पण तो नीट झाला नव्हता. लिनक्सच्या निर्मात्याकडूनही जी जागा सुटते, तिथे ‘प्रोग्रॅमरने काळजी घ्यावी’ एवढं म्हणून भागत नाही.

इतकी वर्षं ही शिस्त प्रोग्रॅमरच्या डोक्यात होती. कर्नल सी भाषेत लिहिला जातो, आणि सोडलेलं पान पुन्हा वापरू नकोस असं सी भाषा कुणालाही बजावत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं, की त्यांच्या सुरक्षा-त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरी नीट न हाताळल्यामुळे होतात. रस्ट ही भाषा इथेच वेगळी ठरते. तिच्यात प्रत्येक गोष्टीला एकच मालक असतो, बाकीचे ती उसनी घेतात. उसनवारी शिल्लक असताना मालकाने गोष्ट सोडली, तर प्रोग्रॅम तयारच होत नाही. डब्यातला अलिखित नियम इथे कंपायलर तपासतो. डिसेंबर २०२२ मधल्या लिनक्स ६.१ पासून कर्नलमध्ये रस्टला जागा मिळाली. नवा कोड अशा सुरक्षित भाषांत लिहायला लागल्यावर अँड्रॉइडमधल्या एकूण त्रुटींत मेमरीच्या त्रुटींचा वाटा २०१९ मधल्या ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आला. प्रोसेसर आणि उपकरणांशी थेट बोलणारा थोडा भाग रस्टमध्येही ‘अनसेफ’ अशी खूण करून लिहावा लागतो, आणि तिथली जबाबदारी माणसाचीच राहते. पण शंका कुठे घ्यायची, ते निदान खूण पाहून कळतं.

वाचकांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. फोनवर सुरक्षा अपडेटची सूचना आली, तर ती पुढे ढकलू नका. वर सांगितलेल्या प्रत्येक त्रुटीची दुरुस्ती लोकांपर्यंत अशाच अपडेटमधून पोहोचली.

दुसरी गोष्ट ठाणे, कल्याण, डोंबिवलीत संगणक अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलामुलींसाठी. ऑपरेटिंग सिस्टिमवर अच्युत गोडबोले आणि आयआयटी मुंबईत शिकवलेले प्रा. डी. एम. ढमढेरे यांची पाठ्यपुस्तकं आहेत, ती परीक्षेपुरती चाळू नका. आयआयटी मुंबईच्याच प्रा. मैथिली वुटुकुरू यांची या विषयावरची टिपणं आणि व्याख्यानं इंटरनेटवर मोफत आहेत. त्यासोबत एमआयटीने शिकवण्यासाठी बनवलेली ‘एक्सव्ही६’ ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम उघडा आणि तिच्यातली ‘केॲलॉक’ ही फाइल वाचा. पानं देणं आणि परत घेणं, एवढंच तिचं काम. परत आलेलं पान ती मुद्दाम निरर्थक बाइटांनी भरून टाकते, म्हणजे कुणी जुन्या पत्त्यावर रेंगाळत असेल तर त्याची चूक लगेच उघडी पडावी. ती फाइल शंभर ओळींच्या आत आहे. डोंबिवली ते सीएसएमटी एवढ्या प्रवासात ती सहज वाचून होते.