शंका घेऊनच आत आलेली माणसं

नीळकंठशास्त्री गोरे यांनी बायबल हातात घेतलं ते ख्रिस्ती धर्माचं खंडन करण्यासाठी. काशीत स्थायिक झालेलं चित्पावन घराणं, वय विशीच्या आसपास, न्यायशास्त्रात मुरलेली बुद्धी. विल्यम स्मिथ नावाचा मिशनरी काशीत उपदेश करत असे, त्याला निरुत्तर करायचं एवढाच हेतू होता. ख्रिस्ती मताविरुद्ध ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथही लिहून झाला. आणि वाद घालता घालता १८४८ मध्ये गोऱ्यांनी जौनपूरला जाऊन बाप्तिस्मा घेतला. नीळकंठशास्त्र्यांचे नेहेम्या गोरे झाले.

धर्मप्रचारकांना गोष्ट इथवरच सांगायला आवडते. पुढची जरा अडचणीची आहे. ज्या चिकित्सेने गोऱ्यांना ख्रिस्ताकडे नेलं, तिने नंतरही त्यांची पाठ सोडली नाही. १८५४ मध्ये ते महाराजा दुलीपसिंगांबरोबर इंग्लंडला गेले. ख्रिस्ती राष्ट्र म्हणजे काय ते डोळ्यांनी पाहू, अशी अपेक्षा. लंडन पाहून हा माणूस इतका व्याकूळ झाला, की हाच ख्रिस्ती धर्म असेल तर आपण परत हिंदुस्थानात जावं हे बरं, असं तो म्हणाल्याची आठवण मॅक्स म्युलर यांनी नोंदवली आहे. पुढे १८७६ मध्ये गोरे ऑक्सफर्डजवळच्या कौलीच्या संन्यस्त संघात उमेदवार म्हणून दाखल झाले. कायमचं व्रत मात्र त्यांनी कधी घेतलं नाही. १८९५ मध्ये, सत्तरीत, वारले तेव्हाही ते उमेदवारच होते. एव्हाना त्यांच्या युक्तिवादाने कितीतरी शिकलेल्या हिंदूंना ख्रिस्ताकडे वळवलं होतं!

त्या वळलेल्यांपैकी एक पंडिता रमाबाई. १८८२ मध्ये पुण्यात दोघांची गाठ पडली. रमाबाई इंग्लंडला गेल्यावर गोऱ्यांनी त्यांना मराठीत दीर्घ पत्र लिहिलं: ख्रिस्ती धर्म ईश्वरदत्त आहे याला पुरावा काय? प्रश्नाची धाटणीच शास्त्रार्थाची. रमाबाईंना ती ओळखीची होती. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही लेक भागवत मुखोद्गत करत वाढली होती. पण तिचा देवाशी असलेला हिशेब पुस्तकी नव्हता. दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा या कुटुंबाने होतं नव्हतं ते व्रतं, दानं, तीर्थं यांत घातलं. शेवटी झाडपाला आणि रानातली फळं खाण्याची पाळी आली. १८७४ च्या सुमारास आधी वडील, मग आई, मग थोरली बहीण गेली. उरलेली दोघं भावंडं पायी देश तुडवत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली, आणि तिथल्या पंडितांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. दोन वर्षांत भाऊही गेला. मग लग्न, मुलगी, आणि १८८२ मध्ये वैधव्य.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला रमाबाईंनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला, आणि तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा वाद जुंपला. त्रैक्य कसं समजायचं? येशू कुमारीपुत्र हे मानलंच पाहिजे का? अथनेशियसच्या मतांगीकारात न मानणाऱ्याला नरक सांगितला आहे, तो मतांगीकार मी का उच्चारायचा? क्रुसावर लॅटिन अक्षरं कोरलेली पाहून त्यांनी विचारलं, संस्कृतापेक्षा लॅटिनमध्ये देवाला अधिक काय दिसतं? त्यांच्या शाकाहारात सिस्टरना जातीचा ताठा दिसे. पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असा इशारा बिशपांकडून आला, तेव्हा रमाबाईंनी सरळ कळवलं, की एका पुरोहितशाहीचं जोखड नुकतंच उतरवलं आहे, दुसरं मानेवर घेणार नाही. आपण इंग्लंडच्या चर्चच्या झालो नाही, ख्रिस्ताच्या झालो, ही त्यांची भूमिका. सिस्टर याला अहंकार म्हणत. त्याच कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांना हे प्रश्न प्रामाणिक वाटत. माझं मत बीलबाईंच्या बाजूने आहे.

मग श्रद्धा आली कुठून? रमाबाईंचाच जबाब असा, की बाप्तिस्म्यानंतर सात-आठ वर्षं आपल्याकडे ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. १८९१ च्या सुमारास तो भेटला. तोवर मायदेशी परतून त्यांनी मुंबईत विधवा-मुलींसाठी सुरू केलेलं शारदा सदन पुण्यात आलं होतं. मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून पुण्यात गहजब झाला आणि १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनी सल्लागार समिती सोडली. रमाबाई हटल्या नाहीत.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचं कळताच त्या तिकडे गेल्या. उपाशी मुलगी म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. शेकडो मुली, विधवा त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून दौंड तालुक्यातल्या केडगावच्या शेतावर ठेवल्या. तेच मुक्ती सदन. चार वर्षांत तिथली वस्ती दीड हजारांवर गेली. विणकाम, तेलघाणा, छापखाना, अंध मुलींसाठी ब्रेल. पैशाचं म्हणाल तर अनाथाश्रम चालवणाऱ्या जॉर्ज म्युलरांच्या चरित्रातून घेतलेला धडा: मागायचं ते देवाकडे. आता, भरवसा देवावर म्हणून सरकारपुढे मात्र हाताची घडी घातली नाही. पुण्याच्या प्लेग छावणीत मुलींचे काय हाल होतात ते त्यांनी १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून चव्हाट्यावर मांडलं. गव्हर्नर सँडहर्स्टना खुलासा करावा लागला.

१९०७ मध्ये रमाबाईंनी आपली साक्ष लिहिली. रानावनातल्या भटकंतीपासून केडगावपर्यंत एकच हात आपल्याला नेत होता, असं त्यांना मागे वळून पाहताना दिसलं. इथे मी अडखळतो. त्या हाताने रमाबाईंना वाचवलं, तर बहिणीला का नाही? दुष्काळाला ईश्वरी योजना म्हणणं मला जमत नाही. पण रमाबाईंचं आचरण पाहिलं, की त्यांनी योजनेचा अर्थ लावण्यापेक्षा तिच्यातलं आपल्या वाट्याचं काम काढून घेतलेलं दिसतं.

बायबलच्या बाबतीतही तेच. मराठी भाषांतर साध्या बायांना कळत नाही असं वाटलं, तेव्हा पन्नाशीकडे झुकलेल्या, कानांनी अधू होत चाललेल्या रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. सगळं बायबल त्यांनी नव्याने मराठीत उतरवलं. आश्रमातल्याच बायकांनी खिळे जुळवले, पानं छापली. कामाची वारसदार मनोरमा. ती चाळिशीत, १९२१ च्या जुलैत गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. शेवटची मुद्रितं त्याआधी थोडेच दिवस तपासून झाली होती, असं सांगतात. ग्रंथ १९२४ मध्ये निघाला.

चर्चच्या भाविक चरित्रांत वाँटेजचं भांडण चार ओळींत आटपतं. मूळ पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डीन यांनीच संगतवार लावून ठेवला होता, अर्थात स्वतःची बाजू जागोजागी मांडत. तो १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली छापला महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने.