बाळाच्या मुठीत काय द्यावं

जुन्या मराठी घरातला कुठलाही अल्बम उघडा, एक फोटो हमखास सापडतो. काळा-पांढरा, कडा नागमोडी कापलेल्या, आणि त्यात पालथं पडलेलं एक बाळ. अंगावर काही नाही, फार तर कमरेला करदोटा आणि हातात मनगट्या. खाली चकचकीत सॅटिन. मान ताठ आणि नजर कॅमेऱ्याच्या जरा वर, जिथे कोणीतरी खुळखुळा वाजवत उभं असणार. आमच्या घरात असे पाच फोटो आहेत. मागे नावं लिहिलेली नसती तर त्यातला मामा कुठला आणि मावशी कुठली, हे कोणालाही सांगता आलं नसतं.

ही स्टुडिओवाल्यांची ठरलेली पोझ, असं मला कित्येक वर्षं वाटायचं. भाचीच्या बाळाचे फोटो काढायला लागल्यावर कळलं की ती बाळाच्या मानेने ठरवलेली असते. तीन-चार महिन्यांचं बाळ मान धरतं आणि पालथं टाकलं की कोपरांवर जोर देऊन छाती उचलतं. त्याला अजून रांगता येत नसतं. म्हणजे वर बघेल, पण जागा सोडून जाणार नाही, असे जेमतेम काही आठवडे. नेमक्या त्याच आठवड्यांत आजोबा बाळाला घेऊन स्टुडिओची पायरी चढत.

आता बाळांचे फोटो काढणाऱ्यांकडे प्रॉप्सची वेगळी खोलीच असते. वेताच्या टोपल्या, लाकडी खोकी, बाहुलीएवढा पलंग, चंद्रकोर, लोकरीच्या टोप्या, जिरेटोप, बाळकृष्णासाठी लोण्याचं मडकं. पालक मोबाइलवर नमुने चाळतात आणि रंग आवडला की बोट ठेवतात. मला वाटतं, सुरुवात दुसऱ्या टोकाने करावी. या बाळाला आज काय दिसतं, त्याची मान आज किती पेलते, मूठ आज काय करते, हे आधी बघावं. मग वस्तू सापडतेच. आणि वाटेत इतक्या नवलाच्या गोष्टी भेटतात की कॅमेरा हातात तसाच राहतो.

खुद्द कॅमेऱ्यालाही बाळाशी जुळवून घ्यायला वेळ लागला. १८५१ नंतर काचेच्या ओल्या प्लेटवर फोटो निघू लागले, पण स्टुडिओतल्या उजेडात लेन्स कित्येक सेकंद उघडी ठेवावी लागे. तेवढा वेळ बाळ स्थिर कसं राहणार? मग आईच खुर्ची होई. तिला डोक्यापासून पायांपर्यंत जाड कापडाने झाकायचं आणि तिच्या मांडीवर बाळ ठेवायचं. युरोप-अमेरिकेतले त्या काळचे असे फोटो नीट पाहिले, तर नक्षीदार कापडाच्या घडीतून एक हात बाहेर आलेला दिसतो, बाळाच्या पोटाभोवती घट्ट. लिंडा फ्रेग्नी नाग्लर या कलावतीने असे फोटो वर्षानुवर्षं जमवले आणि २०१३ साली व्हेनिस बिएनालेत जवळजवळ हजार फोटो एकत्र मांडले. पुढे १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची कल्पना मांडली, दशकभरात ती बाजारात रुळली, एक्स्पोजर सेकंदाच्या अंशावर आलं आणि आईला कापडातून बाहेर येता आलं. बाळाच्या फोटोतला सगळ्यात जुना प्रॉप कोणता असं मला विचारलं, तर मी कापडाखालच्या त्या आईकडे बोट दाखवीन.

बाळाच्या नजरेतूनही हेच दिसतं. नुकत्या जन्मलेल्या बाळाला साधारण वीत-सव्वा वीत अंतरावरचं सगळ्यात बरं दिसतं, पलीकडे सगळं धूसर. दूध पिणाऱ्या बाळापासून आईचा चेहरा जवळपास तेवढ्याच अंतरावर असतो. फिके रंग त्याला फारसे वेगळे कळत नाहीत. काळं-पांढरं आणि ठळक कडा कळतात. म्हणून पहिले काही आठवडे ते चेहऱ्याच्या मध्यापेक्षा कडांवर जास्त रेंगाळतं, कपाळ संपून केस सुरू होतात त्या रेषेवर. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, जन्माला येऊन काही मिनिटंच झालेल्या बाळांसमोर चेहऱ्यासारखी आकृती आणि तेच नाक-डोळे विस्कटून काढलेली आकृती फिरवली गेली. चेहऱ्यासारख्या आकृतीमागे बाळांची नजर आणि मान जास्त वळली. तोवर त्यांनी किती चेहरे पाहिले असतील? तेव्हा पंधरा दिवसांच्या बाळाभोवती मांडलेली गुलाबी-आकाशी फुलांची आरास त्याच्यासाठी नसतेच. त्याचे उघडे डोळे हवे असतील तर आईला कॅमेऱ्याच्या बाजूला, बाळाच्या अगदी जवळ बसवावं.

पण या वयात बाळ झोपलेलंच जास्त असतं, आणि तेव्हा प्रश्न येतो तो हातांचा. गाढ झोपेतलं बाळ एकदम दचकतं, दोन्ही हात फाकतात, बोटं पसरतात, मग हात पुन्हा छातीशी येतात. एर्न्स्ट मोरो या बालरोगतज्ज्ञाने १९१८ मध्ये या हालचालीचं वर्णन केलं आणि तिला त्याचंच नाव पडलं. आधार सुटल्याचा भास झाला की आईला धरण्यासाठी मारलेली ही मिठी, माकडांच्या पिल्लांशी नातं सांगणारी, असं मानलं जातं. चार-सहा महिन्यांत ती विरून जाते. आपल्या आज्यांनी हे नाव ऐकलेलं नव्हतं, पण दुपट्यात हात आत घेऊन गुंडाळलं की बाळ दचकून उठत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. फोटोवाले ज्याला रॅप म्हणतात ते आपलं दुपटंच. फक्त पायांकडे सैल ठेवावं. खुब्याचे सांधे अजून कोवळे असतात आणि गुडघे बेडकासारखे दुमडायला त्यांना जागा लागते. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती दुपटं नव्या जाळीदार रॅपपेक्षा फोटोतही सुंदर दिसतं, कारण त्याच्या सुरकुत्या बाळाच्या अंगाच्या वळणाने पडतात.

रंगाचं एक गुपित इथेच सांगते. कापड आपला रंग आपल्यापाशी ठेवत नाही. खिडकीतून आलेला उजेड त्यावर पडतो आणि कापडाचा रंग घेऊन बाळाच्या हनुवटीखाली, गालांच्या कडेला उतरतो. हिरव्या दुपट्यावर बाळ आजारी दिसतं ते यामुळे. पूर्ण दिवसांच्या दहापैकी सहाएक बाळांना पहिल्या आठवड्यात थोडीफार कावीळ दिसते. अशा बाळाला पिवळ्या कापडावर ठेवलं तर पिवळेपणा दुप्पट वाटतो. बारशाचं हौसेचं पिवळंधमक झबलं थोडे दिवस थांबू शकतं. पांढरं, दुधी किंवा राखाडी कापड घ्या आणि खिडकीसमोरच्या बाजूला एक पांढरी चादर धरा. चेहऱ्याच्या सावलीत मऊ उजेड भरतो.

आकाराचं गणित मला सगळ्यात जास्त चकित करतं. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाएवढं असतं. मोठ्या माणसाचं आठव्या. डोळ्याच्या गोलाची लांबी जन्मतः सुमारे १७ मिलिमीटर आणि मोठेपणी २४, म्हणजे उरलेलं शरीर कित्येक पटींनी वाढायचं असताना डोळा दोन-तृतीयांशाहून अधिक तयार होऊनच येतो. बाळाचे डोळे टपोरे दिसतात ते याच हिशेबाने. मोठं डोकं, मोठे डोळे, गोबरे गाल पाहून आपल्या आत माया का दाटते, यावर कोनराड लोरेन्झने १९४३ मध्ये लिहिलं. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या अ‍ॅन गेडिस यांनी १९९१ मध्ये जुळ्या भावांना कोबीत बसवून डोक्यावर कोबीची पानं ठेवली. तो फोटो जगभर गेला, कारण ते पान आपण रोज हाताळतो. कोबीचं एक पान टोपी होऊन बसतं म्हटल्यावर ते डोकं केवढं, हे हाताला कळतं.

चांगला प्रॉप असा मोजपट्टी असतो. माप ठाऊक असलेली वस्तू हवी: वाटी, बाबांची चप्पल, आजीच्या बांगड्या घातलेला हात. दुकानातला बाहुलीएवढा पलंग केवढा, हे बघणाऱ्याला माहीतच नसतं, त्यामुळे बाळही केवढं ते कळत नाही. जिरेटोप आणि फेटा यांचं प्रेम मला समजतं, पण शरीराचा चौथा हिस्सा असलेल्या डोक्यावर आणखी उंची चढवली की फोटोत फेटाच उरतो, आणि त्याचं ओझं न धरलेल्या मानेवर येतं. त्यापेक्षा खणाची कुंची बघा. ती डोक्याशी बेतशीर बसते, पाठीवर पसरते, तिची झालर चेहऱ्याला महिरप करते. जरीचा काठ मात्र गालाला लागू देऊ नये, आतून मऊ अस्तर हवं.

आमच्याकडे पणजीचं पितळी घंगाळ आहे. भाचीला त्यातच फोटो हवा होता, आणि माझा जीव धास्तावला. पितळ लाकडापेक्षा कित्येक शे पटींनी वेगाने उष्णता वाहून नेतं. वजनाच्या मानाने बाळाच्या कातडीचं क्षेत्रफळ आपल्या दुपटीहून अधिक, शिवाय नवजात बाळाला आपल्यासारखं कुडकुडून ऊब आणता येत नाही. मग घंगाळात तळाशी गव्हाची पिशवी ठेवली, म्हणजे ते कलंडणार नाही. वर गोधडी दोन घड्या करून, कडांवरून बाहेर लोंबेल अशी. खोली गरम केली. बाळाची आई हात लांबवला की पोहोचेल इतकी जवळ बसली, आणि तिचा हात काठावरच होता.

हातांवर हनुवटी टेकून बसल्यासारखं झोपलेलं नवजात बाळ तुम्ही पाहिलं असेल. तसं कुठलंच नवजात बाळ बसू शकत नाही. जाणकार फोटोग्राफर दोन फोटो घेतात. एकात कोणीतरी बाळाचं डोकं धरतं, दुसऱ्यात मनगटं, आणि नंतर दोन्ही जोडून हात पुसले जातात. कापडाखालची आई संगणकावरही आहेच. हे न जाणता घरी तसा प्रयत्न करणं धोक्याचं आहे.

आता मुठीकडे येते. नवजात बाळाच्या तळव्यात बोट ठेवलं की ते गच्च धरतं. आपल्याला गहिवरून येतं. बाळाकडून ते आपोआप होत असतं. चौथ्या महिन्याच्या आसपास ते बघून, ठरवून हात पुढे करू लागतं. त्याआधी मुठीत खोचलेला खुळखुळा ते केवळ धरून असतं, त्याची नजर दुसरीकडेच असते आणि फोटोतही ते कळतं. सहाव्या महिन्यात हातातलं थेट तोंडात जातं. आणि सोडणं? बाळ जन्मतः पकडायला शिकलेलं येतं, पण ठरवून सोडायला त्याला साधारण नऊ-दहा महिने लागतात. मूठ उघडण्याचा निर्णय ही शिकायची गोष्ट आहे! ते जमलं की बाळाला दुसरं काही सुचत नाही. वस्तू भांड्यात टाकायची, बाहेर काढायची, पुन्हा टाकायची. या वयाला स्टीलचा डबा आणि तीन-चार चमचे द्या. दर वेळी टण्ण आवाज झाला की त्याचा चेहरा उजळतो, आणि तो उजाळा कुठल्याही चंद्रकोरीवर बसवून मिळत नाही.

तोंडाचा नियम कडक आहे. छोट्या तुकड्यांची चाचणी घ्यायला खेळण्यांच्या सुरक्षेत ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. वस्तू तिच्यात मावली तर ती लहान बाळाच्या हाती नको. पहिल्या संक्रांतीचे हलव्याचे दागिने या नळीतून सहज जातील, दाणा दाणा करून. ते काळ्या झबल्यावर इतके देखणे दिसतात की मीही सोडत नाही. पण फोटोपुरते, पक्क्या दोऱ्यात ओवलेले, एकाची नजर फक्त त्या दोऱ्यावर, आणि क्लिक झालं की लगेच उतरवायचे.

भाचीने बाळाचा दर महिन्याला एक फोटो घेतला, एकाच गोधडीवर, वरून, स्टुलावर उभं राहून. गोधडीवर लुगड्याच्या चौकोनांची ठिगळं आहेत. पहिल्या महिन्यात बाळ अडीच चौकोनांत मावत होतं. वर्षभरात बाळ साधारण वीतभर वाढतं आणि वजन तिप्पट होतं, हे मी वाचलं होतं. इथे ते टाक्यांवर मोजता येत होतं. पाचव्यात पाय तिसरा चौकोन ओलांडून गेले. आठव्यात ते बसलं आणि वरून नुसतं जावळ दिसलं. बाराव्या फोटोत निळा चौकोन आहे, लाल चौकोन आहे, उपडा पडलेला एक चमचा आहे, आणि उजव्या कडेला, थोडी हललेली, एक टाच.