सशाच्या आतड्याचं वेटोळं

महाराष्ट्रात कितीतरी गावांच्या वेशीवर मरीआईचं ठाणं असतं. पटकीची साथ आली की देवीचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडायचा, अशी रीत होती. लोकांची भीती खरी होती. सकाळी शेतात गेलेला धडधाकट माणूस दिवस मावळेपर्यंत डोळे खोल गेलेला, आवाज बसलेला, कातडी सुरकुतलेली असा होऊन दगावायचा. पटकी म्हणजे कॉलरा. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, आणि जोर असला तर तासाला लिटरभर पाणी अंगातून जातं.

इतकं पाणी आतड्यात येतं कसं? याचं पक्कं उत्तर मिळायला १९५९ साल उजाडलं. ते शोधलं कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी.

कॉलराचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४मध्ये याच कलकत्त्यात रुग्णांमध्ये दाखवला होता. हा जंतू विष सोडत असावा, असंही ते म्हणाले होते. मग पाऊणशे वर्षं का गेली? शोधणारे चुकीच्या जागी शोधत होते. ते जंतू प्राण्यांच्या रक्तात किंवा पोटाच्या पोकळीत टोचायचे. प्राणी मरायचे, पण जुलाब काही होत नसत. मेलेल्या प्राण्यावरून कॉलरा समजत नव्हता, कारण त्याला कॉलरा झालेलाच नसायचा.

डे हुगळी जिल्ह्यातल्या गरिबाटी गावचे, जन्म १९१५चा. लंडनमध्ये रॉय कॅमरन यांच्या हाताखाली त्यांनी फुप्फुसात पाणी कसं साठतं, यावर काम केलं होतं. पाणी शरीरात भलत्या ठिकाणी का झिरपतं, हा प्रश्न डोक्यात घेऊनच ते १९४९मध्ये परतले, आणि कलकत्त्याचे कॉलरा वॉर्ड तर समोरच होते.

१९५३मध्ये त्यांनी डी. एन. चटर्जींबरोबर केलेला प्रयोग अगदी साधा होता. सशाला भूल द्यायची, पोट उघडायचं, लहान आतड्याचा वीतभरही नसलेला तुकडा दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधायचा. रक्तपुरवठा चालू, तुकडा जागच्या जागी, फक्त दोन्हीकडून बंद. त्यात सुईने जंतू सोडायचे आणि पोट शिवून टाकायचं. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर तो तुकडा पाण्याने टम्म फुगलेला. जंतू न घातलेला शेजारचा तुकडा मात्र रिकामा, चपटा. रोग जिथे होतो तिथेच तो पाहायचा, एवढीच युक्ती. पण ती सुचायला रोगाशी घसट लागते.

पुढची पायरी १९५९ची. जंतू वाढवलेलं द्रव त्यांनी गाळून घेतलं, इतकं की त्यात एकही जंतू उरला नाही. हे नुसतं गाळलेलं पाणी तुकड्यात सोडलं, तरी तो फुगला! म्हणजे पाणी ओढणारं विष जंतू बाहेर सोडत होता. ३० मे १९५९च्या 'नेचर'मध्ये हा छोटासा निबंध आला.

त्याच काळात मुंबईतही हाच शोध चालू होता. हाफकिन संस्थेत दत्त आणि हब्बू यांनी १९५५मध्ये सशाच्या पिल्लांमध्ये कॉलरा घडवून दाखवला, आणि १९५९मध्ये दत्त, पानसे व कुलकर्णी यांचा कॉलराच्या विषावरचा निबंध निघाला. आपल्याकडे त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही, हे खटकतं.

या विषाने आतड्याची भिंत फाटत नाही. तिच्या पेशींमध्ये शिरून ते त्यांना क्षार बाहेर टाकायला लावतं आणि क्षारांमागून पाणी जातं. साखर आणि मीठ एकत्र शोषून घेण्याची वाट मात्र शाबूत राहते. म्हणून तर मीठ-साखरेचं पाणी कामाला येतं. १९७१मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी याच पाण्यावर मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणलं.

डे यांनी तीच बांधलेल्या तुकड्याची पद्धत १९५६मध्ये जुलाबाच्या रुग्णांतल्या ई. कोलाय जंतूंवरही वापरली होती. लहान मुलांच्या जुलाबांमागे असलेल्या जंतूंच्या एका मोठ्या गटाची ओळख पटण्याची ती सुरुवात. विष शुद्ध स्वरूपात वेगळं करण्याचं काम मात्र अमेरिकेत रिचर्ड फिंकेलस्टाइन यांच्या हातून १९६९मध्ये झालं.

नोबेलविजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी डे यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं होतं. १९७८मध्ये नोबेल फाउंडेशनने कॉलरावरच्या परिसंवादाला त्यांना बोलावलं. भारतातल्या एकाही विज्ञान अकादमीने मात्र त्यांना फेलो केलं नाही. १९९०मध्ये 'करंट सायन्स'ने त्यांच्यावर विशेषांक काढला, तेव्हा डे यांना जाऊन पाच वर्षं झाली होती.