मॉर्मनांच्या दारी सुवार्ता

१९८४ सालच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या युटा राज्यात एका जुन्या पत्राची कुजबुज सुरू झाली. पत्रावर तारीख १८३० ची. लिहिणारा मार्टिन हॅरिस, म्हणजे ‘मॉर्मनचं पुस्तक’ छापून व्हावं म्हणून स्वतःचं शेत गहाण टाकणारा, मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याचा अगदी सुरुवातीचा अनुयायी. पंथाच्या अधिकृत इतिहासात जोसेफला सोन्याच्या पत्र्यांचा ग्रंथ एका देवदूताने दाखवला. या पत्रात देवदूताचा पत्ताच नव्हता. त्याच्या जागी पांढरा सॅलमँडर, सरड्यासारखा एक प्राणी, आणि सगळा जादूटोण्याचा मामला. पंथाच्या टीकाकारांना घबाडच मिळालं होतं.

या टीकाकारांमध्ये आघाडीवर होतं सॉल्ट लेक सिटीतलं टॅनर दांपत्य. जेराल्ड आणि सँड्रा दोघंही मॉर्मन घरात वाढलेले. सँड्रा तर पंथाचे दुसरे अध्यक्ष ब्रिगम यंग यांच्या खापरपणती. तरुणपणीच दोघांनी पंथ सोडला, ख्रिस्ती विश्वासात आले आणि मॉर्मन इतिहासाची दुर्मिळ कागदपत्रं छापून विकणं हेच आयुष्याचं काम मानलं. पत्रातला मजकूर हाती लागल्यावर जेराल्ड यांना तो कुठेतरी वाचल्यासारखा वाटला. १८३४ साली निघालेल्या एका मॉर्मनविरोधी पुस्तकाशी तो फारच जुळत होता. त्यांनी मार्चच्या वार्तापत्रात पत्राच्या खरेपणावर जाहीर शंका घेतली. सँड्रा यांना तेव्हा ती पटली नव्हती. पत्र खरं ठरलं असतं तर टॅनरांचीच बाजू बळकट होणार होती, तरीही जेराल्ड मागे हटले नाहीत.

ऑक्टोबर १९८५ मध्ये सॉल्ट लेक परिसरात दोन बॉम्ब फुटले आणि दोघांचा जीव गेला. दुसऱ्या दिवशी तिसरा बॉम्ब फुटला, त्यात कागदपत्रांचा व्यापारी मार्क हॉफमन स्वतःच जखमी झाला. तपासात कळलं की सॅलमँडरचं पत्र त्यानेच बनवलं होतं आणि बिंग फुटू नये म्हणून बॉम्बही त्यानेच ठेवले होते. १९८७ साली त्याने गुन्हा कबूल केला. पंथाच्या वरिष्ठ नेत्यांनी त्याच्याकडून कागदपत्रं घेतली होती, नामवंत तज्ज्ञही फसले होते. पंथाचा कट्टर टीकाकार मात्र फसला नव्हता.

इव्हँजेलिकल, म्हणजे सुवार्तावादी प्रोटेस्टंट, ख्रिस्ती गेली दीडशे वर्षं मॉर्मनांपर्यंत सुवार्ता पोचवायची धडपड करत आहेत. या धडपडीत सत्याचा भाग किती, द्वेषाचा किती आणि समोरच्या माणसाच्या काळजीचा किती, हे तपासायला जेराल्ड टॅनरांचा तो निर्णय चांगली कसोटी आहे.

बाहेरच्याला हा वाद घरातला वाटतो. येशू तारणारा आहे असं दोघंही म्हणतात, बायबल दोघंही वाचतात. पण खोलात गेलं की वाटा पार वेगळ्या होतात. पारंपरिक ख्रिस्ती श्रद्धेत देव अनादि आहे, आत्मा आहे, पिता-पुत्र-पवित्र आत्मा असं त्रैक्य आहे. मॉर्मन शिकवणुकीत स्वर्गीय पित्याला मांसाचं आणि हाडांचं शरीर आहे. १८४४ च्या एप्रिलमधल्या गाजलेल्या प्रवचनात जोसेफ स्मिथने त्याहून पुढे जाऊन सांगितलं की देवही एकेकाळी माणसासारखा होता आणि माणूसही देवत्वाला पोचू शकतो. शिवाय बायबलच्या जोडीला आणखी तीन ग्रंथ, जिवंत संदेष्टा, मंदिरातले विधी आणि अनंतकाळासाठी बांधलेलं लग्न. इव्हँजेलिकल माणसाच्या लेखी तारण ही निव्वळ कृपा आहे, ती कमावता येत नाही. मॉर्मन माणूस कृपा मानतो, पण सर्वोच्च स्वर्गापर्यंतची वाट आज्ञापालनाची आणि विधींची आहे असंही मानतो. वादाची खरी नस इथे आहे.

या वादाला रक्ताचा इतिहास आहे. १८३० साली न्यूयॉर्क राज्यात स्थापन झालेल्या पंथाला लोकांनी गावोगाव हुसकावलं. ऑक्टोबर १८३८ मध्ये मिसुरीच्या गव्हर्नरने मॉर्मनांना राज्याबाहेर हाकला, नाहीतर संपवा, असा हुकूम काढला. त्याच आठवड्यात हॉन्स मिल इथे जमावाने सतरा जणांना ठार केलं. १८४४ साली इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात जोसेफ स्मिथचाही जमावाने जीव घेतला. १८४७ साली ब्रिगम यंगच्या मागून हे लोक डोंगर, वाळवंट ओलांडत सॉल्ट लेकच्या खोऱ्यात आले ते कुणी छळणारं नसेल अशा जागी राहायला. त्यामुळे युटात प्रोटेस्टंट शेजाऱ्याने दार वाजवलं तर आतल्या माणसाच्या मनात पणजोबांच्या गोष्टी जाग्या होतात. हे ज्या प्रचारकांना उमगलं नाही, त्यांचं बोलणं सहसा उंबऱ्यावरच संपलं.

मॉर्मन आणि प्रोटेस्टंट यांची गाठ आपल्याकडेही पडली होती, आणि तीही युटात मिशनच्या शाळा निघण्याआधी. १८५२ साली ह्यू फिंडली हा स्कॉटिश मॉर्मन प्रचारक मुंबईत आला आणि पुण्यात त्याने एक लहानशी शाखा उभी केली. प्रोटेस्टंट पाद्री आणि इंग्रजी वर्तमानपत्रं त्याच्यावर तुटून पडली. दशक अर्धं सरेपर्यंत हिंदुस्थानातला तो सारा प्रयत्न आटोपला.

युटात प्रोटेस्टंटांची पहिली मोठी चाल शाळांची होती. १८७५ साली सॉल्ट लेकमध्ये प्रेस्बिटेरियनांनी शाळा काढली, तीच पुढे वेस्टमिन्स्टर कॉलेज झाली. त्याच साली माउंट प्लेझंट या गावात डंकन मॅकमिलन यांनी वॅसॅच अकॅडमी सुरू केली. मेथडिस्ट आणि काँग्रिगेशनलही मागे राहिले नाहीत. मुलं शिकली की बहुपत्नीत्वाची आणि पंथाची पकड आपोआप सुटेल, असा हिशेब होता. मुलं आली, शिकली आणि बहुतेक मॉर्मनच राहिली. पण १८९० साली युटात मोफत सार्वजनिक शाळांचा कायदा झाला, त्यामागे या शाळांनी निर्माण केलेली चुरसही होती. पंथाने अधिकृतपणे बहुपत्नीत्व सोडल्याचं जाहीर केलं तेही १८९० सालीच. त्यामागे मात्र केंद्र सरकारच्या कायद्यांचा जबरदस्त दाब होता.

विसाव्या शतकात शाळेची जागा पुस्तकांनी घेतली. वॉल्टर मार्टिन यांनी १९६० मध्ये ख्रिश्चन रिसर्च इन्स्टिट्यूट काढली. त्यांच्या १९६५ च्या ‘किंगडम ऑफ द कल्ट्स’ या पुस्तकाने इव्हँजेलिकल मंडळ्यांत मॉर्मनांकडे पाहायची नजर ठरवून टाकली. टॅनरांनी वेगळी वाट धरली. आपलं मत मांडण्याआधी ते मूळ कागद छापत: जुनी नियतकालिकं, रोजनिश्या, पहिल्या आवृत्त्या. पुढे सॉल्ट लेकच्या वेस्ट टेंपल रस्त्यावर बेसबॉल मैदानासमोर त्यांचं पुस्तकांचं दुकान राहिलं. पंथ सोडू पाहणारी माणसं तिथे येत आणि आपल्याला शाळेत कधीच दाखवला नव्हता असा एखादा कागद हातात घेऊन उभी राहत.

‘अब्राहामाचं पुस्तक’ हे अशा कागदांचं ठळक उदाहरण. १८३५ साली जोसेफ स्मिथने ममींसोबत फिरवल्या जाणाऱ्या इजिप्शियन पपायरसच्या गुंडाळ्या विकत घेतल्या, त्यांत अब्राहामाने स्वतः लिहिलेला मजकूर आहे असं सांगितलं आणि त्याचं भाषांतर प्रसिद्ध केलं. ते पंथाच्या धर्मग्रंथात गेलं. मूळ गुंडाळ्या १८७१ च्या शिकागोच्या आगीत गेल्या असं लोक धरून चालले. मग न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये त्यांचे काही तुकडे सापडले आणि १९६७ साली पंथाच्या हवाली झाले. इजिप्तच्या लिपीच्या जाणकारांनी ते वाचले. निघाले मृतासोबत ठेवायचे अंत्यविधीचे मंत्र. अब्राहामाचं नावही कुठे नव्हतं. २०१४ साली पंथाने स्वतःच्या निबंधात मान्य केलं की हाती असलेले तुकडे भाषांतराशी जुळत नाहीत, आणि भाषांतराचा अर्थ वेगळ्या रीतीने लावण्याच्या शक्यता मांडल्या.

दुसरी वाट भीती घालण्याची होती. १९८२ साली आलेल्या ‘द गॉड मेकर्स’ या चित्रपटाने मॉर्मन मंदिरातले विधी भडक रंगात रंगवले. एड डेकर यांच्या पुढाकाराने निघालेला हा चित्रपट शेकडो चर्चमध्ये दाखवला गेला. ख्रिस्ती आणि ज्यू यांच्या राष्ट्रीय सलोखा संघटनेने त्याला अन्यायकारक म्हटलं. १९९२ साली त्याचा दुसरा भाग आला, तेव्हा त्यातल्या चुका टॅनर दांपत्यानेच पुस्तिका काढून दाखवल्या. आपल्याच बाजूच्या माणसाची चूक अशी चारचौघांत सांगायला वेगळं धाडस लागतं. मॉर्मनांविषयी खोटं बोलून कुणाला ख्रिस्ताकडे आणता येत नाही, अशी त्यांची भूमिका होती, आणि ती बरोबरच होती.

तिसरी वाट रस्त्यावरची. युटातल्या मँटी या छोट्या गावात १९६७ पासून दर जून महिन्यात मंदिराच्या उतारावर ‘मॉर्मन मिरॅकल पेजंट’ होई. अंधार पडला की दिव्यांच्या झोतात पंथाचा इतिहास उलगडे. हजारो कुटुंबं मुलाबाळांसह, पांघरुणं घेऊन येत. त्याच संध्याकाळी बाहेरच्या रस्त्यावर इव्हँजेलिकल मंडळी बायबल आणि पत्रकं घेऊन उभी असत. काहींच्या हातात भोंगे असत. काही जण मात्र एखाद्या पोरसवद्या मॉर्मन तरुणाशी तासभर उभ्याने बोलत. २०१९ मध्ये पंथाने हा कार्यक्रम बंद केला. १९९८ साली सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनने तर आपलं वार्षिक अधिवेशनच सॉल्ट लेकमध्ये भरवलं आणि शेकडो कार्यकर्ते घरोघरी पाठवले. ज्या पंथाचे तरुण जगभर घरोघरी फिरतात, त्याच्याच दारी दुसऱ्या कुणीतरी यावं, हा प्रसंग शहराने शांतपणे पार पाडला.

१४ नोव्हेंबर २००४ रोजी मॉर्मन टॅबर्नॅकलच्या व्यासपीठावर मद्रासला जन्मलेले प्रवचनकार रवी झकरायस उभे राहिले. शतकाहून अधिक काळानंतर तिथे एका इव्हँजेलिकल वक्त्याला बोलावलं गेलं होतं. त्याआधी फुलर सेमिनरीचे अध्यक्ष रिचर्ड माउ बोलले आणि इव्हँजेलिकलांनी मॉर्मन श्रद्धेविषयी खोटी साक्ष दिल्याबद्दल त्यांनी जाहीर माफी मागितली. समोरचे मॉर्मन श्रोते हेलावले. पण वर्षानुवर्षं जपून, पुराव्याने बोलणाऱ्या प्रचारकांना वाटलं की माउंनी सगळ्यांना एकाच मापाने मोजलं. त्यांची तक्रार रास्त होती. माफीही रास्तच होती, कारण ‘द गॉड मेकर्स’ दाखवणाऱ्या चर्चची संख्या काही थोडी नव्हती.

या सगळ्या प्रयत्नांचं फळ काय, याचा एक आकडा अस्वस्थ करतो. प्यू रिसर्च सेंटरच्या २०१४ च्या पाहणीत मॉर्मन म्हणून वाढलेल्यांपैकी ६४ टक्के अजून मॉर्मन होते. २१ टक्के कुठल्याच धर्माचे राहिले नव्हते. इव्हँजेलिकल झाले होते अवघे ६ टक्के. पपायरसचा पुरावा किंवा जोसेफच्या अनेक लग्नांचा इतिहास वाचून माणसाचा विश्वास उडतो, पण तो बरेचदा जोसेफवरचाच उडत नाही, देवावरचाही उडतो. लहानपणापासून ‘हा पंथ खरा आहे हे मला ठाऊक आहे’ अशी साक्ष देत आलेला माणूस पुन्हा कुणाच्याही साक्षीवर सहज भरवसा ठेवत नाही.

आणि पंथ सोडणं म्हणजे नुसतं मत बदलणं नाही. मुलगे अठराव्या वर्षापासून दोन वर्षं प्रचारकार्याला जातात, मुली दीड वर्ष. मंदिरात जायचं तर बिशपसमोर बसून उत्तरं द्यावी लागतात: दशमांश भरता का, कॉफी-चहा-दारू-तंबाखू टाळता का, संदेष्ट्याला मानता का. परवानापत्र नसेल तर पोटच्या मुलीचं मंदिरातलं लग्नही आई-बापांना पाहता येत नाही. ते बाहेर थांबतात. पंथ सोडणाऱ्याला या लग्नांची आठवण आधी येते, सिद्धांतांची मागाहून.

अशा माणसासाठी इव्हँजेलिकल चर्चचा पहिला रविवारही सोपा नसतो. दारातच कॉफीचा वास. पुढे ड्रम आणि गिटार. भिंतीवर मोठा क्रूस, जो मॉर्मन सभागृहात नसतो. प्रभुभोजनात भाकरीसोबत पाण्याऐवजी द्राक्षरस. आणि पगार घेणारा पाळक, ज्याविषयी मॉर्मन घरात संशयानेच बोललं जातं. युटातले रॉस अँडरसन हे पाळक स्वतः मॉर्मन म्हणून वाढले. २०११ साली ‘अंडरस्टँडिंग युअर मॉर्मन नेबर’ हे पुस्तक लिहून त्यांनी ख्रिस्ती वाचकांना या शेजाऱ्याचं जग आतून दाखवलं. पंथ सोडणाऱ्यांसाठी ‘ट्रान्झिशन्स’ नावाचा गटचर्चेचा अभ्यासक्रमही तयार झाला. त्यात वादविवाद मागे पडतो आणि दुःख, राग, तुटलेली नाती हेच विषय पुढे येतात.

माइका वाइल्डर यांची हकिगत या बाबतीत पुष्कळ काही सांगते. फ्लोरिडात मॉर्मन प्रचारक असताना ते एका बॅप्टिस्ट पाळकाला पंथात आणायला गेले. त्या पाळकाने पुरावे मांडले नाहीत. नवा करार लहान मुलासारखा वाच, एवढंच सांगितलं. वाइल्डर वाचत गेले, पुन्हा पुन्हा वाचत गेले. मुदतीच्या शेवटी सहकाऱ्यांसमोर त्यांनी येशू पुरेसा आहे अशी साक्ष दिली आणि त्यांना लवकर घरी पाठवण्यात आलं. आई लिन वाइल्डर तेव्हा ब्रिगम यंग विद्यापीठात प्राध्यापक होत्या. पुढे त्यांनीही पंथ आणि नोकरी दोन्ही सोडलं.

जेराल्ड टॅनर २००६ साली गेले. सँड्रा यांनी २०२३ मध्ये ते दुकान बंद केलं. जुने कागद आता घरबसल्या वाचता येतात, त्यामुळे पुरावा शोधायला कुणाला शहर ओलांडून जावं लागत नाही. मंडळ्यांपुढे आता दुसरं काम आहे, आणि ते बहुधा घरातूनच सुरू होतं. पंथ सोडणाऱ्याचा जोडीदार पुष्कळदा मॉर्मनच राहतो. मुलं कुणाबरोबर कुठल्या सभेला जाणार, दशमांश कुठे भरायचा, मुलाच्या प्रचारकार्याला हो म्हणायचं की नाही, हे प्रश्न जेवणाच्या टेबलावर येतात. विश्वास न ठेवणारा जोडीदार सोबत राहायला तयार असेल तर त्याला सोडू नये, असं पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलं आहे. युटातल्या पाळकांना हा सल्ला वारंवार द्यावा लागतो, आणि तो मानणाऱ्या जोडप्याला पुढची कित्येक वर्षं सोबत द्यायची तयारीही ठेवावी लागते.