तांबड्या सागरी शैवलांची ओळख

त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावणारी गोदावरी अरबी समुद्रापासून अवघ्या सुमारे ८० किलोमीटर अंतरावर जन्मते, परंतु पूर्वेकडे वळून बंगालच्या उपसागरास मिळते. त्यामुळे नाशिकच्या विद्यार्थ्यांना समुद्रकिनाऱ्याचा परिचय बहुधा कोकणच्या शैक्षणिक सहलीतच घडतो. तथापि महाविद्यालयीन प्रयोगशाळेत जीवाणू वाढविण्यासाठी जे अगर-अगर वापरतात, ते तांबड्या सागरी शैवलांपासूनच मिळते. स्वयंपाकघरातील हा पदार्थ १८८१ साली फॅनी हेसे यांनी या कामासाठी सुचविला. ही शैवले सहलीत ओळखता यावीत, यासाठी शिक्षकांनी काही गोष्टी ध्यानी घेणे इष्ट ठरेल.

रंग फसवा असतो

या शैवलांत हरितद्रव्याबरोबर फायकोएरिथ्रिन नावाचे तांबडे रंगद्रव्य असते. खोल पाण्यात पोहोचणारा निळा-हिरवा प्रकाश ते शोषून घेते. मात्र उघड्या खडकावर प्रखर उन्हात हे द्रव्य कमी होते आणि शैवल जांभळट, तपकिरी, प्रसंगी हिरवटही दिसते. किनाऱ्यावर वाहून आलेले शैवल तर पांढरे पडते. म्हणून केवळ रंगावरून निर्णय करू नये. वाहून आलेला ताजा तुकडा चुरडून काही तास गोड्या पाण्यात ठेवावा. पाण्यास गुलाबी छटा आल्यास ते तांबड्या गटातील समजावे. कारण हे द्रव्य पाण्यात विरघळते, हरितद्रव्य विरघळत नाही.

आकाराचीही मदत होते. ग्रॅसिलेरियाच्या फांद्या कूर्चेसारख्या चिवट असतात. हिप्नियाची टोके आकड्यासारखी वळलेली असतात. अँफिरोआ चुनखडीयुक्त व सांधेदार असून सहज मोडते. पावसाळ्यात खडकांवर दिसणारा पातळ, जांभळट पापुद्रा पोर्फायराचा असतो. याउलट, हवेच्या फुग्या असलेले सरगॅसम आणि पंख्यासारखे पॅडिना ही तपकिरी, तर पातळ पानासारखे अल्वा हे हिरवे शैवल होय.

पाहावे, उपटू नये

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास कोकणात भरती साधारणतः दुपारी येते व सकाळी मोठी ओहोटी असते. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांतील अशी सकाळ निरीक्षणास उत्तम. शैवल आपल्या बुडख्याने खडकास चिकटलेले असते. तो बुडखा उपटला गेल्यास त्या जागी पुन्हा वाढ होणे कठीण होते आणि त्यात आसरा घेणारे लहान खेकडे, गोगलगायी व माशांची पिले निराधार होतात. एका सहलीतील पन्नास मुलांनी एकेक झुपका उपटला, तरी एखादा खडक ओसाड होऊ शकतो. यास्तव संग्रहासाठी केवळ वाहून आलेले तुकडेच घ्यावेत. १९८७ साली घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात तर काहीच उचलू नये.

असा तुकडा परातीतील पाण्यात पसरून खालून जाड कागद सरकवावा, अलगद उचलावा व वर मलमल ठेवून टीपकागदांत दाबावा. अनेक तांबडी शैवले आपल्याच चिकाने कागदास चिकटतात. त्याखाली स्थळ, दिनांक व तिथी नोंदविल्यास शाळेच्या संग्रहात कायमची भर पडेल.